कॅनॅबिस (गांजा) डिपेन्डन्स आणि अँग्झायटी एकाच चार्टमध्ये: एफ१२.२८० द्यायचा की दोन वेगळे कोड? क्यूएने एरर मारलाय

नाईटशिफ्ट_ऐरोली

नमस्कार मंडळी. मी अमेरिकन बिहेवियरल हेल्थचे (मानसिक आरोग्याचे) आउटपेशंट चार्ट कोड करतो, म्हणजे डॉक्टरच्या नोटेवरून निदानाचे आयसीडी-१०-सीएम (आयसीडीची अमेरिकन आवृत्ती) कोड देतो, आधी रेडिओलॉजी होतं त्यामुळे सायकियाट्रीचं मला अजून नवं नवंच वाटतंय. एका चार्टवर क्यूएने (आमचं कोडिंग तपासणाऱ्याने) मोठा एरर मारलाय आणि मला तो पटत नाहीये, रिबटल (लेखी हरकत) द्यायची मुदत उद्या शिफ्ट संपेपर्यंत आहे म्हणून इथे विचारतोय.

चार्टमधलं वय, राज्य, तारखा सगळं बदललंय, गाभा तेवढा तोच ठेवलाय. तिशीच्या आतला माणूस, रोज गांजा व्हेप करतो, सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच, कमी करायचा प्रयत्न फसला, कामावर दांड्या, घरी भांडणं, आणि आता पूर्वीइतकं घेतलं तर काहीच होत नाही म्हणतो. यूरिन स्क्रीन टीएचसी (गांजातलं नशेचं द्रव्य) पॉझिटिव्ह. असेसमेंटमध्ये प्रोव्हायडरने (तपासणाऱ्या डॉक्टरने) एकाखाली एक तीन ओळी लिहिल्यात: कॅनॅबिस यूज डिसऑर्डर सिव्हिअर, अँग्झायटी डिसऑर्डर अनस्पेसिफाइड, इन्सोम्निया (निद्रानाश). बस, संपलं. प्लॅनमध्ये सर्ट्रालिन (अँग्झायटीवरचं औषध) सुरू, सीबीटीला (बोलून करायची थेरपी) रेफरल आणि व्हेप कमी करण्याबद्दल समुपदेशन.

हिस्टरीत मात्र दोन वाक्यं आहेत ज्यावरून सगळा घोळ आहे. एक, हायस्कूलपासूनच त्याला अँग्झायटीचा त्रास आहे. दुसरं, व्हेप बंद केलं की पहिल्या काही रात्री झोप लागत नाही.

मी त्याच क्रमाने तीन वेगळे कोड दिले, एफ१२.२०, एफ४१.९ आणि जी४७.००. क्यूए म्हणतो एफ१२.२८० (डिपेन्डन्स आणि कॅनॅबिसमुळे झालेली अँग्झायटी) आणि एफ१२.२८८ (डिपेन्डन्स आणि कॅनॅबिसमुळे झालेला इतर विकार) हवेत, कारण 'विथ' कन्व्हेन्शन. अरे पण डॉक्टरने 'कॅनॅबिस-इंड्यूस्ड' असा शब्द आख्ख्या नोटमध्ये एकदाही लिहिलेला नाही! आपण कोडर, आपण निदान करायचं नाही हेच पहिल्या दिवसापासून शिकवलं ना? मग आता क्यूएच निदान करतोय की काय. कोणी सायकचं काम केलेलं असेल तर सांगा.

चिंचवड_कोडर

भावा क्यूएशी भांडून कोणाचं भलं झालंय आजवर, अ‍ॅक्सेप्ट कर आणि पुढच्या चार्टला लाग. आमच्याकडे तर असं काही दिसलं की सरळ २८० देतात, रिस्क अ‍ॅडजस्टमेंटला (आजारांच्या कोडवरून विम्याचे पैसे ठरतात त्याला) पण बरं पडतं.

नागपूरची_सीपीसी

चिंचवडकर, 'रिस्क अ‍ॅडजस्टमेंटला बरं पडतं' हे वाक्य कुठल्याही ऑडिटरसमोर बोलू नका कृपया. कोडमुळे पैसे वाढतात म्हणून कोड दिला हे चुकून लेखी सापडलं ना तर प्रकरण क्यूए स्कोरच्या पलीकडे जातं. आणि गांजाच्या बाबतीत तसंही सगळं सरसकट मोजलं जात नाही, मेडिकेअरच्या (अमेरिकन सरकारी विमा) व्ही२८ मॉडेलमध्ये एचसीसी १३८ या आजार-गटाच्या नावातच माइल्ड अनकॉम्प्लिकेटेड ड्रग यूज डिसऑर्डर 'कॅनॅबिस सोडून' असं लिहिलेलं आहे.

आता ऐरोलीकरांच्या प्रश्नाकडे. माझं मत सांगते, क्यूएचा पहिला मुद्दा टेक्निकली उभा राहतो आणि दुसरा आडवा पडतो.

आधी पाया. प्रोव्हायडरने 'सिव्हिअर' लिहिलंय म्हणजे डिपेन्डन्स (व्यसन जडलेलं), एफ१२.२-. यूज डिसऑर्डर माइल्ड असेल तर अब्यूज एफ१२.१-, मॉडरेट किंवा सिव्हिअर असेल तर डिपेन्डन्स. इथपर्यंत तुम्ही बरोबर आहात. नुसतं 'कॅनॅबिस यूज' लिहिलं असतं तर एफ१२.९- चा विचार, आणि तो सुद्धा प्रोव्हायडरने त्या वापराचा एखाद्या आजाराशी संबंध लिहिला असेल तरच. यूज, अब्यूज, डिपेन्डन्स तिन्ही एकाच चार्टमध्ये सापडले तर डिपेन्डन्स एकटाच जातो, एकमेकांना एक्सक्लूड्स वन (एकत्र देता न येणारे कोड) आहे. आणि टीएचसी पॉझिटिव्ह आला म्हणून आपण काहीच कोड करत नाही, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते बंद केल्यावरही आठवडेच्या आठवडे सापडतं, त्यावरून डिपेन्डन्स आहे की नाही हे कळत नाही.

आता 'विथ'. आयसीडी-१०-सीएमच्या अधिकृत गाइडलाइनचा सेक्शन एक, ए, १५ नीट वाचा. इंडेक्समध्ये (कोडबुकातली शब्दांची यादी) मुख्य शब्दाखाली 'विथ' असेल आणि त्याखाली ती कंडिशन नावानिशी दिलेली असेल तर संबंध गृहीत धरायचा, प्रोव्हायडरने जोडून लिहिलं नसलं तरी. डिपेन्डन्स, ड्रग, कॅनॅबिस, विथ, अँग्झायटी डिसऑर्डर असं इंडेक्समध्ये आहे. म्हणजे 'इंड्यूस्ड शब्द कुठे लिहिलाय' हा तुमचा युक्तिवाद एकटा टिकणार नाही, रिबटलमध्ये त्याच्यावर भर देऊ नका.

पण त्याच गाइडलाइनचं पुढचं अर्धं वाक्य क्यूए लोक सोयीने विसरतात. डॉक्युमेंटेशनमध्ये या दोन गोष्टींचा संबंध नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तर गृहीतक लागू होत नाही. तुमच्याकडे काय आहे तर 'हायस्कूलपासून'. हे 'संबंध नाही' असं स्पष्ट लिहिणं झालं का? माझ्या मते नाही, पण संबंध आहे असं डोळे झाकून धरावं इतकंही ते निरुपद्रवी नाही. चार्टच दोन्हीकडे बोट दाखवतोय. अशा वेळी उत्तर ना तुमच्याकडे ना क्यूएकडे, प्रोव्हायडरला क्वेरी (लेखी विचारणा).

एफ१२.२८८ चं मात्र ऐकू नका. तो 'अदर कॅनॅबिस-इंड्यूस्ड डिसऑर्डर', म्हणजे इतर सगळ्यांचा डबा. असल्या 'इतर' गटातल्या एंट्रींना 'विथ'चं गृहीतक लागत नाही हे कोडिंग क्लिनिकने (कोडिंगचं अधिकृत मार्गदर्शक प्रकाशन) आधीच स्पष्ट केलेलं आहे. टॅब्युलरमध्ये (कोडबुकातली आकड्यांनुसार यादी) २८८ खाली झोपेचा विकार लिहिलाय तो सुद्धा 'कॅनॅबिस-इंड्यूस्ड स्लीप डिसऑर्डर' असा, नुसता इन्सोम्निया नाही. तिथे प्रोव्हायडरने जोडून लिहिणं लागतंच.

नाईटशिफ्ट_ऐरोली

ताई खूप आभार, हे एवढं सरळ ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. पण एक शंका, क्वेरी टाकली आणि प्रोव्हायडरने काहीही टिक करून पाठवलं तर? त्याला तरी 'हायस्कूलपासून' असताना इंड्यूस्ड म्हणता येतं का? म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या.

मनोविकार_रेसिडेंट

मी कोडर नाही, सायकियाट्रीत रेसिडेन्सी करतोय, सरकारी कॉलेजात. बहीण तुमच्याच लाइनमध्ये आहे, तिने लिंक पाठवली म्हणून लिहितोय.

ऐरोलीकर, तुमची शंका रास्त आहे. आम्ही हे कसं ठरवतो ते सांगतो. डीएसएम-५ (मानसिक निदानांचं अमेरिकन पुस्तक) प्रमाणे सब्स्टन्स-इंड्यूस्ड (नशेच्या पदार्थामुळे झालेली) अँग्झायटी म्हणायला लक्षणं नशेच्या काळात किंवा सोडल्यावर लगेच सुरू झालेली हवीत, आणि ती स्वतंत्र आजाराने जास्त चांगली समजत असतील तर इंड्यूस्ड म्हणायचं नाही. स्वतंत्र आजाराचे पुरावे म्हणजे वापर सुरू व्हायच्या आधीपासून त्रास असणं, सोडल्यावरही साधारण महिनाभर तो टिकणं, किंवा वापर नसताना पूर्वी तसे एपिसोड येऊन गेलेले असणं. म्हणजे तुमच्या चार्टमधलं हायस्कूलचं वाक्य साधं नाही, निदानाच्या दृष्टीने तेच सगळ्यात वजनदार वाक्य आहे. फक्त अडचण ही की व्हेप कधी सुरू केलं ते तुमच्या नोटमध्ये आलेलं दिसत नाही. बरीच पोरं हायस्कूलमध्येच सुरू करतात. दोन्ही एकाच वर्षी सुरू झालं असेल तर 'हायस्कूलपासून' या शब्दातून काहीच हाती लागत नाही.

म्हणून आम्हाला सर राउंडला टाइमलाइन काढायला लावतात, कागदावर आडवी रेघ, वर पदार्थ, खाली लक्षणं, कोणत्या वर्षी काय, मध्ये कधी बंद होतं आणि तेव्हा लक्षणांचं काय झालं. पेशंट एकटा असला की ते बंद असलेले महिने नेमके गाळतो, आईला किंवा बायकोला विचारलं की सापडतात. हे न करता पहिल्याच भेटीत 'इंड्यूस्ड' किंवा 'प्रायमरी' लिहिणारा माणूस अंदाज लिहितोय. पहिल्या भेटीत 'अनस्पेसिफाइड' लिहिणं हा कित्येकदा आळस नसतो, प्रामाणिकपणा असतो, हे तुम्हा लोकांच्या क्वेरीत कधीच धरलेलं नसतं.

झोपेचं वेगळं. बंद केल्यावर झोप जाणं हे विथड्रॉवलचं (नशा सोडल्यावर होणाऱ्या त्रासाचं) नेहमीचं लक्षण आहे. चिडचिड, अस्वस्थपणा, भूक मरणं, विचित्र स्वप्नं, हे सोडल्यापासून एक ते तीन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत ओसरतं, झोप मात्र काहींची महिनाभराहून जास्त बिघडलेली राहते. आमच्याकडे नातेवाईक अजून म्हणतात की गांजा सोडल्याने काही होत नाही, दारूसारखं थरथरत नाही ना म्हणजे व्यसन नाही. पण नेमकं त्या झोपेसाठीच माणूस परत ओढतो.

म्हणजे ही झोप इंड्यूस्ड स्लीप डिसऑर्डर, विथड्रॉवलचं लक्षण की अँग्झायटीचाच भाग, तिन्ही शक्यता उघड्या आहेत. क्यूएने त्यातली एक निवडली कशी देव जाणे.

नागपूरची_सीपीसी

डॉक्टर, यावरून आठवलं. २०१३ ला डीएसएम-५ आलं तेव्हा कॅनॅबिस विथड्रॉवलसाठी त्यात एफ१२.२८८ च छापलेला होता, कारण सीएममध्ये वेगळा कोडच नव्हता. १ ऑक्टोबर २०१८ पासून एफ१२.२३ आला. काही क्लिनिकच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये अजून 'विथड्रॉवल' निवडलं की मागून २८८ पडतो. ऐरोलीकरांचा क्यूए त्या काळातला असेल तर त्याच्या डोक्यात झोप म्हणजे २८८ हे तिथूनच बसलं असेल, माझा आपला तर्क.

जर्सी_सिटी_मावशी

मी त्या दुसऱ्या बाजूची, म्हणजे तुम्ही ज्यांच्या नोटा वाचून कपाळाला हात लावता त्यांच्यातली. न्यू जर्सीत क्लिनिकमध्ये सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर आहे, मूळची साताऱ्याची.

नोट अशी अर्धवट का येते ते सांगते. इथे एप्रिल २०२२ पासून दुकानात उघड विक्री सुरू झाली, पेशंट समोर बसून म्हणतो, लीगल आहे ना मग डिसऑर्डर कसली. कायदेशीर असण्याशी निदानाचा काही संबंध नाही, अकरा निकषांपैकी वर्षभरात दोन-तीन बसले तर माइल्ड, चार-पाच मॉडरेट, सहा किंवा जास्त असतील तर सिव्हिअर, दुकानातून पावती घेऊन आणलं तरी निकष तेच. पण हे लिहिलं की तो पोर्टलवर नोट वाचतो आणि फोन करतो की माझ्या रेकॉर्डवर डिपेन्डन्स का टाकलं, माझी कस्टडीची केस चालू आहे, माझं लाइफ इन्शुरन्स अडकेल. मग काही प्रोव्हायडर गुळमुळीत लिहितात, 'मारिजुआना यूज' आणि पुढे चला. हे चूकच आहे पण का होतं ते कळावं.

दुसरं म्हणजे आमचं सॉफ्टवेअर. असेसमेंट ड्रॉपडाऊनमधून भरावं लागतं, 'अँग्झायटी' टाइप केलं की पहिला एफ४१.९ येतो आणि मागे पुढचा पेशंट वाट बघत असतो. 'कॅनॅबिस-इंड्यूस्ड' शोधायला चार क्लिक जास्त. तुमच्या त्या तीन ओळींमागे विचार नव्हता असं नाही, तो विचार हिस्टरीच्या परिच्छेदात लिहिलेला असतो आणि असेसमेंटमध्ये उतरत नाही. मी आता सवय लावून घेतलीय, प्रत्येक निदानाच्या ओळीपुढे एक वाक्य: कशामुळे, कधीपासून, आज काय केलं. उदाहरणार्थ 'सिव्हिअर, सात निकष, टॉलरन्स व विथड्रॉवल दोन्ही, अँग्झायटी वापराच्या आधीची, स्वतंत्र समजून उपचार'. दहा सेकंद लागतात आणि तुमची क्वेरी वाचते.

आणि एक, ऐरोलीकर बाळा, तू डिटेल्स बदलल्यास हे छान केलंस. इथे सब्स्टन्स यूजच्या उपचार केंद्रांच्या रेकॉर्डना हिपाच्या (आरोग्य माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) वर ४२ सीएफआर पार्ट २ या नियमाचं वेगळं संरक्षण आहे. 'गाभा तोच' सुद्धा पुढच्या वेळी जरा कमीच लिही.

चिंचवड_कोडर

मावशी मुद्दा पोचला 😄 बरं मला सांगा, चार्टमध्ये प्रोव्हायडरने स्वतःच एफ१२.२४ लिहिलेला असेल तर? गेल्या आठवड्यात आला होता, एन्कोडर (कोड शोधायचं सॉफ्टवेअर) इनव्हॅलिड म्हणतो.

मनोविकार_रेसिडेंट

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. तो प्रोव्हायडर बहुतेक भारतात किंवा अमेरिकेबाहेर शिकलेला. आम्ही इथे डब्ल्यूएचओची आयसीडी-१० वापरत आलो, त्यात एफ१२.२४ म्हणजे डिपेन्डन्स असून सध्या वापर चालू. आणि गंमत पुढे आहे, आमच्या एफ१२.२० चा अर्थ सध्या बंद आहे असा, तुमच्या सीएममध्ये एफ१२.२० म्हणजे अनकॉम्प्लिकेटेड. तोच आकडा, एकाकडे पेशंट सोडून बसलाय आणि दुसऱ्याकडे ओढतोय. म्हणून नुसता कोड लिहिलेल्या नोटेवर विश्वास ठेवू नका, शब्दात निदान मागा. आयसीडी-११ मध्ये तर सगळंच हललंय, ६सी४१.२ डिपेन्डन्स, ६सी४१.६ सायकोटिक डिसऑर्डर, आणि तीन मुख्य लक्षणांपैकी दोन पुरतात.

नागपूरची_सीपीसी

आणि चिंचवडकर, त्यांनी एफ१२.२४ 'गांजामुळे डिप्रेशन' या अर्थाने लिहिला असेल तर तेही सीएममध्ये नाही. दारूला एफ१०.२४ मूड डिसऑर्डर आहे, कॅनॅबिसच्या यादीत मूडचा कोडच नाही, डीएसएममध्येही कॅनॅबिस-इंड्यूस्ड डिप्रेशन नाही. म्हणजे दोन्ही शक्यतांसाठी क्वेरीच.

पंचवटी_नाशिक

विषय सोडून विचारतो माफ करा. माझ्या लहान भावाला गांज्यामुळे संशय, आवाज ऐकू येणं असं झालं, अ‍ॅडमिट केलं होतं, आता बरा आहे. डिस्चार्ज कार्डवर एफ१२.५ लिहिलंय आणि मेडिक्लेमवाल्यांनी क्लेम नाकारला. डॉक्टरांना सांगून कोड बदलून घेता येईल का?

मनोविकार_रेसिडेंट

दादा, बदलून घ्यायला सांगू नका. खरं निदान खोडून दुसरं लिहिणं डॉक्टरलाही महागात पडतं आणि भावालाही, कारण पुढच्या वेळी त्याला बघणारा डॉक्टर त्याच कागदावर विसंबून औषध ठरवणार. पॉलिसीच्या कागदात एक्सक्लूजन कोड १२ बघा, दारू-ड्रग्जच्या व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम वगळलेले असतात, त्याच्यावर बोट ठेवून नाकारलं असेल. दुसरीकडे मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्था धरलेल्या आहेत आणि कलम २१(४) म्हणतं की विमा शारीरिक आजारासारखाच द्या. हे दोन एकमेकांना भिडतात, तेव्हा नकार लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथे नाही झालं तर विमा लोकपालाकडे जा. कलम २५ प्रमाणे भावाला स्वतःचे रेकॉर्ड मागता येतात, ते सगळे काढून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं, बरा झाला म्हणून फॉलोअप सोडू नका. डेन्मार्कमधल्या २०१८ च्या एका मोठ्या रजिस्टर अभ्यासात कॅनॅबिसमुळे सायकोसिस (भावासारखा संशय, आवाज ऐकू येणं) झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचं निदान झालं. एफ१२.५ ची लक्षणं सहा महिन्यांत पूर्ण जायला हवीत, त्यापुढे राहिली किंवा गांजा बंद असताना परत आली तर निदान बदलतं. तेव्हा बदललेला कोड खरा असेल. कोणाशी लगेच बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६, मराठीत बोलतात.

नाईटशिफ्ट_ऐरोली

सगळ्यांचे आभार. क्वेरी लिहिलीय, नागपूर ताई बघता का: 'पेशंटला कॅनॅबिस यूज डिसऑर्डर सिव्हिअर असून अँग्झायटी आणि इन्सोम्निया कॅनॅबिसमुळे आहेत का? हो / नाही.'

नागपूरची_सीपीसी

नको, परत येईल. हो-नाहीच्या प्रश्नात तुम्हीच उत्तर सुचवताय, आणि दोन आजार एकाच प्रश्नात कोंबलेत, त्याने 'हो' म्हटलं तर कशाला हो? आधी चार्टमधलं जसंच्या तसं द्या, हायस्कूलचं वाक्य, झोपेचं वाक्य, दोन्ही तारखेसकट. मग अँग्झायटीसाठी वेगळा प्रश्न: कृपया कारण किंवा प्रकार स्पष्ट करावा, पर्याय म्हणजे कॅनॅबिस-इंड्यूस्ड अँग्झायटी डिसऑर्डर, कॅनॅबिसशी संबंध नसलेला अँग्झायटी डिसऑर्डर, इतर (लिहावे), सध्या ठरवता येत नाही. इन्सोम्नियासाठी तसाच दुसरा, त्यात विथड्रॉवलचा पर्याय घाला कारण चार्टमध्ये त्याचा आधार आहे. कोड नंबर किंवा पैशांचा उल्लेख कुठेही नको. शेवटचा पर्याय कधीच गाळू नका, डॉक्टर वर म्हणाले तसं कित्येकदा खरं उत्तर तेच असतं.

रिबटलमध्ये दोनच ओळी लिहा: २८८ ला जोडणारं डॉक्युमेंटेशन नाही, आणि २८० बाबत हिस्टरीत विरोधी माहिती असल्याने क्वेरी पाठवली आहे. क्यूए चुकीचा आहे वगैरे काही नको, उत्तर येईपर्यंत चार्ट होल्डला टाका.

चिंचवड_कोडर

जाता जाता, पेशंटने आठ महिने सोडलंय आणि नोटमध्ये 'हिस्टरी ऑफ कॅनॅबिस डिपेन्डन्स' आहे, याला झेड कोड (जुन्या आजाराच्या इतिहासाचा) ना?

नागपूरची_सीपीसी

इंडेक्स उघडा, हिस्टरी, पर्सनल, ड्रग डिपेन्डन्स. तिथून तो तुम्हाला डिपेन्डन्स, इन रेमिशन (आजार ओसरलेला) कडे पाठवतो, म्हणजे एफ१२.२१. अर्ली असो वा सस्टेन्ड, कोड तोच. पण 'आठ महिने घेतलं नाही' एवढंच लिहिलं असेल आणि डिपेन्डन्सची हिस्टरी किंवा रेमिशन हे शब्द प्रोव्हायडरने कुठेच वापरले नसतील तर महिने मोजून रेमिशन आपण ठरवायचं नाही. तिथेही क्वेरी.